कमरेवरचा व्रण : महाराष्ट्रातील त्वचाकर्करोग-संशोधनाचा इतिहास आणि जव्हार-मोखाडा

प्रस्तावना

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा आणि उघड्या डोळ्यांना दिसणारा अवयव आहे. त्यामुळे त्वचेचा कर्करोग हा लवकर ओळखू यावा असा रोग आहे. पोटातील किंवा फुप्फुसातील गाठ शोधण्यासाठी यंत्रे लागतात. त्वचेवरचा व्रण पाहण्यासाठी प्रकाश आणि लक्ष एवढेच पुरते. असे असूनही ग्रामीण भारतात हा रोग अनेकदा उशिरा, लसिकाग्रंथींपर्यंत पसरल्यानंतर, रुग्णालयात पोहोचतो. या विसंगतीचे कारण केवळ वैद्यकीय नाही. ते सामाजिक आणि ऐतिहासिकही आहे.

प्रस्तुत लेखात त्वचाकर्करोगाच्या निदान व उपचारविषयक संशोधनाचा, विशेषतः महाराष्ट्रात झालेल्या कार्याचा, आढावा घेऊन त्याचा संबंध पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांच्या आरोग्यव्यवहाराशी जोडण्याचा प्रयत्न केला आहे. या क्षेत्रातील एक महत्त्वाचा शोध रुग्णाच्या नेसण्याविषयी प्रश्न विचारल्यामुळे लागला, आणि तो प्रश्न आजही निदानाचे प्रभावी साधन आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

जव्हार-मोखाडा : पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश अमलातील ठाणे जिल्ह्यात होते. पुढे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्याचे भाग राहिले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी हे येथील प्रमुख समाज होत. नागली, वरई आणि भात ही येथील पिके. शेती पावसावर अवलंबून असल्याने दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे व रेतीच्या कामासाठी वसई, भिवंडी, ठाणे या परिसरात स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष या भागाकडे वेधले. तेव्हापासून जव्हार-मोखाडा हे नाव कुपोषणाशी जोडले गेले. बालमृत्यू, माताआरोग्य, हिवताप यांवर शासकीय व स्वयंसेवी प्रयत्न केंद्रित झाले आणि ते आवश्यकही होते. परंतु जो आजार शांतपणे, वर्षानुवर्षे वाढतो आणि प्रौढ किंवा वृद्ध व्यक्तीस होतो, तो अशा प्राधान्यक्रमात मागे पडतो. त्वचेचा कर्करोग हा त्यांपैकी एक.

जागतिक संशोधनाची वाटचाल

कर्करोगास बाह्य कारण असू शकते हे प्रथम त्वचेवरच सिद्ध झाले. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. लहानपणापासून अरुंद धुराड्यांत शिरणाऱ्या या मुलांच्या अंगाला काजळी चिकटून राही आणि कर्करोग मात्र पुढे मोठेपणी प्रकट होई. व्यवसाय आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे हे पहिले निरीक्षण मानले जाते.

१९१५ मध्ये जपानी संशोधक यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना दीर्घकाळ डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडन येथे डांबरातून बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळे करण्यात आले. दरम्यान १८९४ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उना यांनी खलाशांच्या उन्हाने रापलेल्या त्वचेतील बदलांचे वर्णन केले आणि १९२८ मध्ये फिंडले यांनी अतिनील किरणांमुळे उंदरांच्या त्वचेवर कर्करोग होतो हे प्रयोगाने दाखवले. येथून पुढे पाश्चात्त्य देशांतील त्वचाकर्करोग-संशोधन मुख्यतः सूर्यप्रकाशाभोवती फिरत राहिले. गौरवर्णीय समाजासाठी ते योग्यच होते.

भारतात मात्र चित्र निराळे आहे. येथील लोकांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांपासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. परिणामतः भारतात त्वचाकर्करोगाचे प्रमाण एकूण कर्करोगांच्या तुलनेत अल्प आहे. परंतु मेलॅनिन घर्षणापासून, भाजण्यापासून किंवा न भरणाऱ्या जखमेपासून संरक्षण देत नाही. सावळ्या त्वचेत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा प्रकार बहुधा जुन्या व्रणांवर, भाजल्याच्या खुणांवर आणि सतत घासल्या जाणाऱ्या जागी उद्भवतो. अशा व्रणास फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांचे नाव दिले जाते. त्यांनी १८२८ मध्ये जुन्या व्रणांवरील अशा वाढीचे वर्णन केले होते.

याचे भारतातील पहिले ठळक उदाहरण काश्मीरमध्ये आढळले. थंडीपासून बचाव करण्यासाठी निखाऱ्यांनी भरलेली कांगडी फिरनच्या आत पोटाशी धरण्याची तेथे प्रथा आहे. त्यामुळे पोट व मांड्यांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्म्सली यांनी १८६६ मध्ये केले आणि पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नेव्ह यांनी त्याचा विस्तृत अभ्यास मांडला. एखाद्या प्रदेशाची राहणी तेथील रोगाचे स्थान ठरवते, हा विचार त्यातून पुढे आला.

परळ येथील कार्य : खानोलकर आणि सूर्याबाई

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे आली. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या रुग्णांचे नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत येत. हे नमुने तपासताना खानोलकर केवळ पेशींकडे पाहत नव्हते. तो रुग्ण कोठला, काय खातो, काय नेसतो, कोणती सवय बाळगतो याचीही नोंद त्यांना महत्त्वाची वाटे.

१९४५ मध्ये खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी एका अमेरिकन विकृतिशास्त्रीय नियतकालिकात भारतातील चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी पहिला प्रकार बिहारकडील खैनीचा : तंबाखू व चुना यांचे मिश्रण ओठ आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवल्याने होणारा. दुसरा आंध्रच्या किनाऱ्यावरील चुट्ट्याचा : पेटते टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूस होणारा. तिसरा प्रकार धोतराचा होता.

धोतर कमरेभोवती घट्ट आवळून नेसले जाते. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर कापडाचा काच पडतो. उष्ण व दमट हवेत तेथे घाम साचतो, धूळ चिकटते. त्वचा प्रथम काळवंडते, जाड होते, तिला भेगा पडतात. पुढे काही ठिकाणी रंग उडतो. खाज सुटते, खाजवल्याने जखम होते, ती भरते न भरते तोच पुन्हा कापड घासते. पेशींचे मरणे व नव्याने निर्माण होणे हे चक्र अखंड चालू राहिल्याने काही रुग्णांत कालांतराने कर्करोगाची वाढ सुरू होते. हा रोग विरळ आहे आणि धोतर नेसणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दोष वस्त्राचा नसून, एकाच जागी दीर्घकाळ राहणाऱ्या काचाचा आणि दुर्लक्षित जखमेचा आहे.

याच १९४५ साली, परळपासून फार दूर नसलेल्या डहाणू-तलासरी परिसरात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता. एका बाजूस प्रयोगशाळेत कमरेच्या वस्त्राचा आणि रोगाचा संबंध तपासला जात होता; दुसऱ्या बाजूस अंगभर वस्त्रही न मिळणारा समाज माणूस म्हणून जगण्याचा हक्क मागत होता. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि, संशोधनाचे केंद्र आणि ज्यांच्या राहणीवर ते संशोधन आधारलेले आहे तो श्रमिक वर्ग यांच्यातील अंतर त्यातून लक्षात येते. जव्हार-मोखाड्याचा विचार करताना हेच अंतर महत्त्वाचे ठरते.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे प्रमुख झाले. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोग हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनी पुढे कर्करोग व कुष्ठरोग या दोन्ही क्षेत्रांत कार्य केले आणि उत्तरायुष्यात अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाकडे लक्ष दिले. महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती असलेला अकोले तालुका आणि मोखाडा यांच्यात सामाजिक साम्य बरेच आहे. प्रयोगशाळेतून पाड्याकडे जाणारी वाट अशक्य नव्हती, हे या उदाहरणावरून दिसते.

निदान व उपचार यांतील प्रगती

त्वचेचा कर्करोग त्वचेच्या वरच्या थरातील पेशींपासूनच उत्पन्न होतो, हे जर्मन शल्यचिकित्सक थिएर्श यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखालील ऊतितपासणी हाच निदानाचा आधार राहिला आहे. व्रणाच्या कडेचा, निरोगी त्वचेसह, लहानसा तुकडा काढून त्याची तपासणी केली जाते. व्रणाच्या मध्यभागी मृत पेशी असल्याने तेथील नमुना दिशाभूल करू शकतो. म्हणून कडेचा तुकडा घेण्यावर भर असतो. ही शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होते. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्वचादर्शकासारखी नवी साधने उपयुक्त असली, तरी बायॉप्सीचे स्थान त्यांनी घेतलेले नाही.

उपचारांचा इतिहासही उद्बोधक आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि १८९९ मध्येच स्वीडनमध्ये त्यांच्या साहाय्याने त्वचेचा कर्करोग बरा करण्यात आला. पण १९०२ मध्ये क्ष-किरणांबरोबर काम करणाऱ्या एका व्यक्तीच्या हातावर त्याच किरणांमुळे कर्करोग झाल्याची नोंद झाली. उपचाराचे साधन हेच रोगाचे कारण होऊ शकते, हा धडा किरणोपचारशास्त्राने प्रारंभीच घेतला. १९३० च्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक मोझ यांनी रोगग्रस्त त्वचा थराथराने काढून प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत विकसित केली. चेहऱ्यासारख्या नाजूक जागी ती आजही वापरली जाते.

कमरेवरील व्रणासाठी मात्र साधी व खात्रीची पद्धत म्हणजे सभोवतालच्या पुरेशा निरोगी त्वचेसह व्रण काढून टाकणे आणि आवश्यक तेथे त्वचारोपण करणे. येथे एक शारीरिक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे लागते. बेंबीच्या पातळीच्या वरच्या त्वचेतील लसिकाप्रवाह सामान्यतः काखेकडे, तर खालच्या त्वचेतील जांघेकडे जातो. कमरेची रेषा या सीमेजवळ असल्याने तपासणाऱ्याने काख व जांघ दोन्ही ठिकाणच्या गाठी चाचपणे आवश्यक ठरते. रोग ग्रंथींपर्यंत पोहोचला नसेल, तर शस्त्रक्रियेने तो बहुधा पूर्ण बरा होतो. तो पोहोचल्यास शस्त्रक्रिया मोठी होते, किरणोपचाराची भर पडते आणि यशाची शाश्वती घटते.

धोतरापासून लुगड्यापर्यंत

खानोलकर व सूर्याबाई यांचा निबंध पाठ्यपुस्तकांत नोंदला गेला; परंतु धोतराचा वापर कमी होत गेल्याने तो इतिहासजमा झाल्याचा समज पसरला. स्त्रियांच्या वस्त्राकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नव्हते. साडीच्या आत नेसल्या जाणाऱ्या परकराची नाडी हीदेखील कमरेभोवती एकाच रेषेवर, दिवसातील बहुतेक वेळ, आवळलेली असते. २००५ मध्ये मुंबईतील वैद्यकांनी साडीशी निगडित कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली आणि २०११ मध्ये कमरेच्या कर्करोगाच्या आणखी दोन रुग्णांचे वर्णन पुढे आले.

२०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांच्या पहिल्या स्त्रीच्या उजव्या कुशीवर १८ महिने न भरलेला व्रण होता. ती साडीच्या आत घट्ट नाडीचा परकर नेसत असे. साठीच्या उत्तरार्धातील दुसऱ्या स्त्रीचा व्रण २ वर्षांचा होता. ती परकर वापरत नसे. ४० वर्षे ती कमरेस घट्ट आवळलेले लुगडे नेसत आली होती. तिचा रोग जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचला होता. दोघींच्या बायॉप्सीत मार्जोलिन व्रण, म्हणजेच स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आढळला. लेखकांनी सैल वस्त्रे वापरण्याची आणि काचामुळे त्वचेवर बदल दिसल्यास काळजी घेण्याची शिफारस केली आहे.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. १९४५ मध्ये धोतराविषयी विचारला गेलेला प्रश्न जवळजवळ ८० वर्षांनी लुगड्याविषयी विचारला गेला आणि उत्तर तेच मिळाले. मधल्या काळात रोग बदलला नव्हता. स्त्रियांना तो प्रश्न क्वचितच विचारला गेला होता.

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

जव्हार-मोखाड्यातील जुन्या पिढीतील स्त्रिया गुडघ्यापर्यंतचे लुगडे कासोटा घालून, कमरेस घट्ट खोचून नेसतात. लावणी, लाकूडफाटा, डोंगर चढताना डोक्यावरचे हंडे, भट्टीवरच्या विटा या कामांत दोन्ही हात गुंतलेले असतात. वस्त्र सैल ठेवणे परवडत नाही. म्हणून वस्त्र सैल करण्याचा सल्ला ऐकण्यास सोपा असला, तरी श्रमाच्या स्वरूपाचा विचार न करता तो देणे उपयोगाचे नाही. गाठीची जागा रोज थोडी वर-खाली करणे, रुंद पट्ट्याचा परकर वापरणे, रात्री नाडी सैल करणे, घामाची जागा धुऊन कोरडी ठेवणे हे उपाय या जीवनपद्धतीत बसू शकतात.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न विलंबाचा आहे. कमरेवरची जखम झाकलेली असते. ती दाखवण्यास स्त्रीला संकोच वाटतो. खाज व काळवंडलेली त्वचा पाहून गजकर्ण समजून मलमे लावली जातात. जखम दुखत नसेल तर कामे थांबत नाहीत. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर गेले की सुरू केलेले उपचारही खंडित होतात. भट्टीवर भाजल्याच्या खुणा आणि कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांवरचे जुने व्रण यांनाही हाच तर्क लागू पडतो. दीर्घकाळ न भरणारा प्रत्येक व्रण संशयाने पाहिला पाहिजे.

शासनाच्या लोकसंख्याधारित कर्करोग तपासणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, त्वचेचा नाही. विरळ रोगासाठी स्वतंत्र मोहीम उभारणे व्यवहार्यही नाही. परंतु कुष्ठरोग शोधमोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे पाहतात. त्याच भेटीत ‘कमरेवर, पायावर किंवा भाजल्याच्या जागी महिनाभरात न भरलेली जखम आहे का?’ हा एक प्रश्न विचारल्यास खर्च वाढत नाही. संशयित रुग्णाची बायॉप्सी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी होऊ शकेल आणि नमुना मुंबई किंवा नाशिक येथे पाठवता येईल. प्रथम रुग्णाने नव्हे तर नमुन्याने प्रवास करावा, हे तत्त्व येथे मोलाचे आहे. निदान झाल्यावर शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे.

केवळ माहिती पोहोचल्यानेही फरक पडतो, याला महाराष्ट्रातच पुरावा आहे. १९६३ मध्ये मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी स्थापन झाली, तर १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणांची माहिती देत. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गर्भाशयमुखाचा रोग डोळ्यांना दिसत नाही. तरीही बोलण्याने विलंब घटला. मग जो रोग त्या स्त्रीला स्वतःला दिसतो, तेथे हा मार्ग अधिक उपयोगी ठरण्याची शक्यता आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, त्वचाकर्करोगाच्या संशोधनात यंत्रांइतकेच निरीक्षणाचे व प्रश्नाचे स्थान मोठे आहे. पॉट यांनी काजळी पाहिली, नेव्ह यांनी कांगडी पाहिली, खानोलकर व सूर्याबाई यांनी धोतराची गाठ पाहिली. प्रत्येकाने रोगाबरोबर रोग्याचे जगणे वाचले. महाराष्ट्रातील वैद्यकशास्त्राने हा धडा १९४५ मध्येच जगासमोर ठेवला होता. तो पाड्यापर्यंत नेण्याचे काम मात्र अपुरे राहिले आहे.

जव्हार-मोखाड्यातील महाविद्यालयांना या कामात सहभागी होता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आरोग्यविषयक माहिती देताना न भरणाऱ्या जखमेचा विषय घेता येतो. विद्यार्थिनी स्वतःच्या आजीशी, आईशी त्यांच्या बोलीत जे बोलू शकतात, ते बाहेरून आलेल्या वैद्यकास साधत नाही. कमरेवर लपलेली जखम कर्करोगाची असेल किंवा नसेल. पण ती कोणीतरी वेळेवर पाहिली पाहिजे. वेळेवर पाहिलेली जखम छोट्या शस्त्रक्रियेने बरी होते आणि ती बाई पुढच्या लावणीला आपल्या शेतात उभी असते.